कमलाआजींचे स्मरण आणि आपल्या घरातले बियाणे
(महिला शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या, तणनियंत्रण हे आमच्या कृषिविद्येचे नेहमीचे विषय. आज मात्र मी आपल्याशी एका आजींविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव कमला पुजारी. त्या ओडिशा राज्यातील कोरापूट जिल्ह्याच्या, जेपूर शहराजवळच्या पात्रपूट या लहानशा आदिवासी गावच्या. २० जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते, तरी त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले आणि भुवनेश्वरच्या कृषी विद्यापीठातील मुलींच्या एका वसतिगृहाला त्यांचे नाव दिलेले आहे. कृषी पदवीसाठी आलेल्या मुली ज्या इमारतीत राहून अभ्यास करतात, तिला शाळेत न गेलेल्या शेतकरी बाईचे नाव आहे, ही गोष्ट आम्हा शिकवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपण विचाराल, इतक्या लांबच्या बाईंची आठवण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी का काढायची? त्याचे कारण असे, की त्यांनी जे काम केले ते आपल्या प्रत्येक गावात कोणीतरी आजी करीत आली आहे. त्या आजीचे नाव कोठे लागलेले नाही, एवढाच फरक. आणि ते काम आता आपल्या डोळ्यांदेखत थांबू लागले आहे.

भाताचे माहेरघर

कमलाआजींचे काम समजण्यासाठी आधी त्यांचा मुलूख समजून घेऊ. कोरापूट जिल्हा ओडिशाच्या दक्षिणेला, पूर्व घाटाच्या डोंगर-पठारावर वसलेला आहे. भाताच्या शास्त्रज्ञांमध्ये जेपूरचा परिसर प्रसिद्ध आहे. भातपिकाच्या विविधतेचे एक प्रमुख केंद्र म्हणून तो ओळखला जातो. १९५० च्या दशकात कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या परिसरात फिरून स्थानिक वाण गोळा केले, तेव्हा सतराशेच्या आसपास नमुने मिळाले. पुढच्या काळात शेतांतून यातले बरेचसे वाण नाहीसे झाले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कोरापूटच्या पारंपरिक शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

एवढे वाण एका भागात कशासाठी लागतात, हे कोकणच्या आणि मावळच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. उताराच्या वरकस जमिनीत पाणी टिकत नाही, तेथे लवकर निसवणारा हळवा भात लागतो. मधल्या खाचरात निमगरवा चालतो. खोलगट, पाणी साचणाऱ्या जमिनीत गरवा आणि उंच वाढणारा भात लागतो. खारपड जमिनीला वेगळाच वाण. त्याशिवाय पोह्याचा भात निराळा, चुरमुऱ्याचा निराळा, सणाला सुवासिक भात निराळा, गुरांना भरपूर पेंढा देणारा निराळा. कोरापूटच्या डोंगरउतारावरही असेच आहे. काळाजिरा, माछकांटा, हळदीचुडी, तुळसी ही तिकडच्या काही वाणांची नावे. काळाजिऱ्याचा दाणा बारीक, तूस काळसर आणि भात सुवासिक.

कमलाआजींनी काय केले

कमलाआजी लहान शेतकरी कुटुंबातल्या. घरात जे वाण होते ते त्या दरवर्षी थोडे थोडे पेरून टिकवीत. दुसऱ्या गावात वेगळा वाण दिसला की त्याचे मूठभर बी मागून आणीत, आपल्याकडचे देत. असे करता करता भाताचे शंभराच्या घरातील स्थानिक वाण त्यांनी जतन केले. त्याबरोबर हळद, तीळ अशा इतर पिकांचेही बियाणे सांभाळले.

१९९० च्या दशकात डॉ. एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेने जेपूर परिसरात काम सुरू केले, तेव्हा या कामाला जोड मिळाली. शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांनी मिळून स्थानिक वाणांच्या चाचण्या घेतल्या, भेसळ काढून चांगल्या लोंब्यांची निवड केली, गावपातळीवर बियाणे पेढ्या उभ्या केल्या. बियाणे पेढीचा व्यवहार आपल्या ओळखीचाच आहे. पेरणीला बी न्यायचे आणि सुगीनंतर काही वाढाव्यासह परत आणून द्यायचे. पैशाचा प्रश्न येत नाही. कमलाआजी गावोगाव, घरोघर जाऊन बायकांना एकत्र करीत, बियाणे ठेवायला सांगत, रासायनिक निविष्ठांवरचा खर्च टाळून सेंद्रिय पद्धतीने शेती करायला सांगत. या कामाबद्दल त्यांना पगार नव्हता. घरची चूल आणि शेत सांभाळून केलेले ते गावकीचे काम होते.

त्यांच्या कामाची पुढे दखल घेतली गेली. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे कोरापूटच्या या कामाचा जागतिक पातळीवर गौरव झाला. २००४ मध्ये ओडिशा सरकारने त्यांना उत्कृष्ट महिला शेतकरी म्हणून गौरविले. २०१८ मध्ये त्यांची राज्याच्या नियोजन मंडळावर नेमणूक झाली. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोरापूटच्या काळाजिरा तांदळाला २०२४ च्या सुरुवातीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी जुलैमध्ये आजी गेल्या.

या सन्मानांची यादी मी एवढ्यासाठी सांगितली, की बी राखणे हे काम किती मोलाचे आहे ते कळावे. आपल्याकडेही अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्याच्या जतनासाठी २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. पण पद्मश्री मिळाली तरच काम खरे, असे नाही. प्रत्येक गावात पद्मश्री पोचणार नाही, बियाणे मात्र प्रत्येक गावात राहिले पाहिजे.

आजीच्या मडक्यातले शास्त्र

आता आपल्या घराकडे वळू. माळ्यावरची उतरंड, राख घातलेले कडधान्याचे मडके, चुलीवर टांगलेली मक्याची कणसे, शेणामातीने लिंपलेली कणगी आणि तीत घातलेला कडुनिंबाचा पाला हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पुष्कळांना ही जुनी रीत वाटते. बीजशास्त्राच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट सकारण आहे.

बियाण्याचे दोन मोठे शत्रू म्हणजे ओलावा आणि उष्णता. बीजशास्त्रात एक ठोकताळा आहे. साधारण पाच ते चौदा टक्के ओलाव्याच्या मर्यादेत बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी केला, की त्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. चुलीच्या धुरावर टांगलेले कणीस पावसाळ्यातही कोरडे राहते आणि धुरामुळे किडीही दूर राहतात. राखेचे बारीक कण भुंगेऱ्याच्या अंगावरचे मेणासारखे आवरण खरवडतात, त्याच्या अंगातले पाणी निघून जाते आणि तो मरतो. शिवाय दाण्यांमधल्या पोकळ्या राखेने भरल्यामुळे किडीला हिंडायला जागा उरत नाही. दाणा दाताखाली धरून कडक आवाज होतो का हे आजी पाहते, ती एक प्रकारची ओलावा चाचणीच आहे.

बी कोणत्या कणसाचे ठेवायचे, हेही ती ठरवते. खळ्यावर रास पडल्यानंतर पोत्यातून बी काढून ठेवणे ही तिची पद्धत नव्हे. पीक उभे असतानाच चांगली कणसे हेरून ठेवायची आणि कापणीआधी ती वेगळी खुडायची, ही तिची रीत. आमच्या पुस्तकात याला निवड पद्धत म्हणतात. रब्बी ज्वारीचा आपला प्रसिद्ध ‘मालदांडी ३५-१’ हा वाण याच पद्धतीने तयार झाला. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून तो काढला. ती स्थानिक मालदांडी पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत राखली गेली होती, म्हणूनच संशोधकाला निवडीसाठी काही हाती लागले.

जुने वाण कशासाठी?

येथे एक गैरसमज होऊ नये. सुधारित वाण सोडून द्या, असे मी सांगत नाही. जुन्या भातवाणांपैकी पुष्कळ वाण उंच वाढतात, नत्र जास्त झाले की लोळतात, उत्पन्नही कमी देतात. ज्याला बाजारात भात विकून कर्ज फेडायचे आहे त्याने आपल्या विभागासाठी शिफारस केलेला वाणच मुख्य क्षेत्रावर घ्यावा. पण मुख्य क्षेत्र सोडून एक-दोन गुंठे जुन्या वाणाला दिले तर घराचे फार नुकसान होत नाही, आणि जे टिकते त्याची किंमत मोठी आहे.

एक उदाहरण देतो. १९७० च्या दशकात आग्नेय आशियात भातावर ग्रासी स्टंट नावाच्या विषाणुजन्य रोगाने धुमाकूळ घातला. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा गुण सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानभातात. त्या रानभाताचा गुण घेऊन तयार झालेला ‘आय. आर. ३६’ हा वाण १९७६ मध्ये प्रसारित झाला आणि पुढे लक्षावधी हेक्टरवर पसरला. तो एक नमुना कोणी उचलून ठेवला नसता तर? उद्या कोणता रोग येईल, पाऊस किती लांबेल, हे आज सांगता येत नाही. म्हणून सगळी अंडी एका टोपलीत न ठेवण्याची रीत शेतीतही पाळावी लागते.

बाजाराचा भागही आहे. आजऱ्याचा घनसाळ, मुळशीचा आंबेमोहोर, मंगळवेढ्याची ज्वारी, कोरेगावचा वाघ्या घेवडा या सर्वांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हे वाण घराघरांतून टिकले नसते तर मानांकनाला काही उरलेच नसते.

आजी गेल्यावर हंगाम किती उरतात?

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. आजच्या भाषणातले एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी पुरे. घरातली बी राखणारी बाई गेली, की त्या वाणाला एक-दोन हंगामच उरतात.

हे कसे ते पाहा. सोयाबीन, भुईमूग, कांदा यांचे बी साध्या साठवणीत जेमतेम पुढच्या हंगामापर्यंत टिकते. भात, ज्वारी, कडधान्ये यांची उगवणशक्ती थोडी जास्त टिकते. पण दमट हवेत, कीड लागली तर, दोन-तीन वर्षांत तीही बियाण्याच्या कामाची राहत नाही. आजी जाते. घर दुःखात असते. मडके माळ्यावर तसेच राहते. पहिला पावसाळा जातो, दुसरा जातो. मग कधीतरी माळा साफ करताना कोणीतरी ते मडके खाली काढते, आत पाहते तर नुसता भुगा. तो भुगा उकिरड्यावर जातो. त्याच्याबरोबर वाण जातो, त्याचे नाव जाते, तो कोणत्या जमिनीत घ्यायचा, कधी पेरायचा, कशासाठी खायचा हे सगळे जाते. घर आणि जमीन यांना वारस लागतो, त्याची नोंद तलाठी घेतो. या मडक्याला मात्र कोणी वारस लावत नाही.

कमलाआजींच्या बाबतीत तसे झाले नाही. त्यांच्याजवळचे वाण त्यांच्या हयातीतच दुसऱ्यांच्या हाती गेलेले होते, गावच्या पेढीत गेले होते, संशोधन संस्थेत गेले होते. एका घरातले बी दहा घरांत असले, की एक घर बंद पडले तरी वाण बंद पडत नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात हेच सर्वांत मोठे. त्यांनी बी राखले, आणि राखलेले वाटले.

या हंगामात काय करावे

पहिले काम विचारण्याचे. घरातील, वाड्यातील वयस्क बायकांकडे बसा. कोणते बी आहे, त्याचे नाव काय, कोणाकडून आले, कोणत्या जमिनीला चालते, किती दिवसांत निघते, पाण्याचा ताण सोसते का, कशासाठी वापरतात, हे सगळे विचारा आणि वहीत तारखेसह लिहा. नाव त्यांच्याच तोंडचे लिहा. मडक्याला, डब्याला तेच नाव लिहिलेली चिठ्ठी लावा. एक चिठ्ठी आत, एक बाहेर.

दुसरे काम उगवण तपासण्याचे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल राखा. आठ-दहा दिवसांनी निरोगी कोंब मोजा. भाताचे ऐंशी, ज्वारीचे व कडधान्याचे पंचाहत्तर कोंब निघाले तर बी चांगले. त्याहून कमी असले तरी फेकू नका. जुन्या वाणाचे शंभरातले दहा दाणे उगवले तरी त्यातून पुन्हा बी धरता येते. मात्र ते याच हंगामात पेरा.

तिसरे काम लावणीचे. भात स्वपरागी पीक आहे. दोन वाणांत तीन मीटर अंतर ठेवले तर वाण शुद्ध राहतो. बाजरी, मका, भोपळा, दोडका ही परपरागी पिके आहेत. त्यांचे दोन वाण जवळजवळ लावले तर बी बिघडते; म्हणून असा एकच वाण परसात घ्या, दुसरा शेजारच्या वाडीला द्या. फुलोऱ्यात आणि कापणीपूर्वी असे दोनदा शेतात फिरून वेगळी दिसणारी झाडे उपटा. बी मात्र एकाच देखण्या झाडाचे न ठेवता शंभरभर तरी चांगल्या झाडांचे एकत्र ठेवा, म्हणजे वाणातले निरनिराळे गुण टिकतात.

चौथे काम साठवणीचे. बी सकाळच्या आणि उतरत्या उन्हात पातळ पसरून वाळवा. भर दुपारच्या उन्हात सिमेंटच्या खळ्यावर नको. भाताचा ओलावा तेरा टक्क्यांपर्यंत, ज्वारीचा बारापर्यंत, कडधान्याचा नऊपर्यंत आणा. पूर्ण थंड झाल्यावरच भरा. डबा हवाबंद असेल तर बी त्याहूनही जास्त कोरडे हवे, नाहीतर आतल्या आत ओल धरते. कडधान्याला राख, धान्याला कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. डबा जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका.

पाचवे काम वाटण्याचे. निदान तीन घरांना द्या. बचत गट असेल तर गटाची पेढी करा. नेताना मोजून द्या, आणताना थोडे वाढवून घ्या, कोणाकडे काय गेले ते वहीत लिहा.

कायदा आपल्या बाजूला आहे

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आपल्या संसदेने २००१ मध्ये मंजूर केला. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, वापरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. कायद्याने संरक्षित केलेल्या वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने बांधून विकता येत नाही, एवढी अट आहे. शेतकऱ्यांनी राखलेल्या वाणाची नोंदणीही होते आणि त्यासाठी शेतकऱ्याला नोंदणी शुल्क द्यावे लागत नाही. नोंदणी करायची असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे जा. जाताना वर सांगितलेली वही बरोबर न्या. ज्या आजीने वाण राखला तिचे नाव त्या वहीत पहिल्या पानावर असू द्या. तिचे नाव सातबाऱ्यावर कदाचित नसेल. वाणाच्या नोंदीत ते यायला काही हरकत नाही.

भगिनींनो, कमलाआजींनी पात्रपूटमध्ये जे केले त्यासाठी त्यांना मोठी जमीन लागली नाही, भांडवल लागले नाही. लागले ते दरवर्षी न चुकता पेरणे आणि मागणाऱ्याला मूठभर देणे. येत्या मृग नक्षत्राआधी आपल्या घरातले एक तरी मडके खाली काढा, त्यातले शंभर दाणे मोजा, आणि ज्यांनी ते भरले त्या आजी समोर असतील तोवर त्यांना त्याचे नाव विचारून घ्या.